टाऊ

डासाच्या पोटात आठ दिवस,
माणसाच्या रक्तात सहा,
मग ताप, मग गोळी, मग नमुना सिव्हिलला,
मग मध्येच रविवार.
हे सगळं मिळून मी सतरा धरले
आणि त्याला नाव दिलं टाऊ.

बेंडकुळे म्हणाले, हे कुठल्या भाषेतलं?
ग्रीक, म्हटलं.
ते हसले. हिवताप विभागात सव्वीस वर्षं.
अंबडपासून चुंचाळ्यापर्यंतचा ड्रम न् ड्रम तोंडपाठ:
कुणाचं झाकण फुटलंय,
कुणाच्या गच्चीवर टायर,
कोण आत असून दार उघडत नाही.
"आपल्यात ह्याला उशीर म्हणतात, मॅडम."

उशीर नव्हे हो.
गंगापूरचे दरवाजे सकाळी उचलतात
आणि पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागतं
ते दुपारी.
तोवर घाटावर लख्ख ऊन.
भांडीवाला पितळी तांबे मांडत असतो,
एक बाई भाव करत असते,
आणि पाणी तर केव्हाच निघालेलं असतं.
ते मधलं ऊन म्हणजे टाऊ.

बेंडकुळे जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, "म्हणजे भांडीवाल्याला
सांगायचं कधी?"

हे माझ्या समीकरणात नव्हतं.

साध्या समीकरणाला सुरुवातीला एक क्षण पुरतो:
आज इतके आजारी, इतके धड, चल.
याला तसं चालत नाही.
याला मागचे सतरा दिवस अख्खे लागतात,
तासातासाचे, न तुटलेले,
तेव्हा कुठे ते उद्याकडे एक पाऊल टाकतं.
मी नोंदवह्या मागवल्या.
गणपतीच्या दहा दिवसांत दहा वेळा निरंक,
एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेलं.
फक्त बेंडकुळ्यांच्या पानावर
घामाचा डाग आणि खाडाखोड.
मी त्यांचं पान धरून चालले.

बैठक गुरुवारी.
फवारणी सोमवारी झाली, तरी आकडा वाढतोच कसा?
मी फळ्यावर रेघ काढली.
सांगितलं, आज खाटेवर आहेत
त्यांना डास चावला तेव्हा
तुमचं धुराचं यंत्र दुरुस्तीला होतं.
आजची फवारणी आज दिसणार नाही.
थांबा.
साहेबांनी घड्याळ बघितलं.
"कारवाई काय केली ते बोला."

कारवाई बेंडकुळ्यांवर झाली.

नोव्हेंबर. पहाटे बोटं वाकत नाहीत.
सोलरचं पाणी गच्चीवरून चार मजले उतरून येतं,
मला दम निघत नाही,
गरम नळ पुरता सोडते, भाजते,
थंड पुरता सोडते, कुडकुडते,
पुन्हा गरम.
नळात दोष नाही.
दोष पाइपाच्या लांबीत, आणि थोडा माझ्या हातात.
संध्याकाळी संगणकावर तीच लाट उठली:
आकडा चढला की शहरभर धूर,
उतरला की यंत्र गोदामात,
पुन्हा चढ, पुन्हा धूर,
आणि प्रत्येक लाट आधीच्या लाटेपेक्षा
बोटभर उंच.

सतराव्या दिवशी नाही, एकोणिसाव्या दिवशी
रेघ वाकली.
(रविवार दोन आले होते, मी एकच धरला होता.)
पेपरात नव्या माणसाचा फोटो,
हातात यंत्र, मागे ढगच ढग.

मी बेंडकुळ्यांना फोन लावला.
ते आता जन्ममृत्यू नोंदणीला, पंचवटीत.
"वाकली का?"
"वाकली."
पलीकडे कुणीतरी दाखल्याच्या प्रती मागत होतं.
"चुंचाळ्याच्या शेवटच्या गल्लीत
त्या पोरीचं काय झालं? प्लेटलेट उतरलेली?"
मला माहीत नव्हतं. माझ्याकडे ती एक होती.
फक्त एक, चौसष्टातली.
"इथे तिचं नाव आलेलं नाही," ते म्हणाले.
मग जरा थांबून:
"पण नोंदवायला एकवीस दिवस मुदत असते, मॅडम.
त्यातून लोक बाविसाव्या दिवशी येतात,
मग विलंब शुल्क.
त्याला तुम्ही कुठलं अक्षर लावता?"